हेड आणि कॅमशाफ्ट घरी बदलताना

शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिन 1955च्या मॉडेलांबरोबर बाजारात आलं. एड कोल यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी ते घडवलं होतं. आकारमान 265 घन इंच, म्हणजे सुमारे 4.3 लिटर. त्याचंच 350 घन इंचांचं, 5.7 लिटरचं भावंड 1967च्या कमारोमध्ये आलं आणि अमेरिकेतल्या घरोघरच्या गॅरेजमध्ये तेच सर्वाधिक रुळलं. 2011 साली जनरल मोटर्सने या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं. आपल्याकडे मात्र ते फारसं पोचलं नाही. मुंबईत 1928 पासून शेवरोले गाड्यांची जोडणी होत असे. ते काम 1954 साली थांबलं आणि हे इंजिन त्याच सुमारास तिकडे पहिल्यांदा विक्रीला आलं.

तरीही हेड आणि कॅमशाफ्ट घरी कसं बदलतात हे समजून घ्यायला मी याच इंजिनाची निवड केली आहे, कारण त्यात काहीच लपलेलं नाही. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या मधोमध. तो फिरला की त्याचे सोळा उंचवटे, म्हणजे लोब, सोळा टॅपेटना वर ढकलतात. टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक. हे गणित पुढची टायमिंग चेन सांभाळते. दोन बाजूंना दोन हेड, प्रत्येकी सतरा बोल्टांनी आवळलेली. रेडिएटर बाजूला केला की इंजिन गाडीतून न काढता कॅमशाफ्ट समोरून ओढून बाहेर घेता येतो.

उघडण्याचं काम सोपं आहे. हाताशी एक जण असेल तर शनिवारी सकाळी सुरू केलेलं इंजिन संध्याकाळी उघडं पडलेलं असतं. घरी केलेली कामं फसतात ती बांधताना, आणि फसतात ती बहुतेक वेळा न घेतलेल्या मापांमुळे. म्हणून या प्रकरणात पान्यांपेक्षा गेजांबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिली मापं तर सुट्या भागांची ऑर्डर देण्याआधीच घ्यायची. इंजिन टकटकतंय, एखादा सिलिंडर मार खातोय, पाणी कमी होतंय, एवढ्यावरून हेड उतरवू नये. आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून कागदावर लिहावं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं एकदम कमी आलं तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. मग व्हॉल्व्ह कव्हर काढून प्रत्येक रॉकर किती उचलतो हे डायल गेजने पाहावं. पंधरा एकसारखे उचलतात आणि एक कमी, तर बहुधा कॅमचा तो लोब झिजलेला आहे, आणि नुसतं हेड बदलून काहीही सुधारणार नाही.

नवी हेड निवडताना ज्वलनकक्षाचं आकारमान पाहावं. या इंजिनाच्या जुन्या हेडमध्ये ते बऱ्याचदा 76 घन सेंटिमीटर असतं, बाजारात मिळणाऱ्या अनेक हेडमध्ये 64. सपाट पिस्टनच्या 350 इंजिनात 76 काढून 64 बसवलं, तर कॉम्प्रेशन रेशो साधारण एका अंकाने चढतो, साडेआठचा साडेनऊ होतो. त्याने ताकद वाढते, पण साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करायला लागण्याचा धोकाही वाढतो. कॅमचंही तसंच. लोबची उचल वाढली की व्हॉल्व्हची स्प्रिंग जास्त दबते आणि तिचे वेढे एकमेकांवर टेकले तर पुशरॉड वाकतो. पूर्ण उचलीला स्प्रिंगमध्ये निदान साठ थाऊ, म्हणजे दीड मिलिमीटर, फट उरली पाहिजे. कॅम, स्प्रिंगा आणि हेड एकाच विचाराने घ्यावीत. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी मी सौम्य कॅमच सुचवेन. मोठा कॅम आयडलिंगला गाडी थरथरवतो आणि शहरातल्या वेगात काहीच देत नाही.

अवजारांत अर्धा इंच चौकाचा चांगला टॉर्क रेंच, इंची मापाच्या गोट्या, लांब ब्रेकर बार, फिलर गेज आणि चुंबकी बुडाचा डायल गेज ही स्वतःची असावीत. हार्मोनिक बॅलन्सरचा पुलर आणि तो परत बसवायचा इन्स्टॉलर, स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर, डिग्री व्हील, ही वर्षानुवर्षांत एकदा लागणारी आहेत. अमेरिकेत ऑटोझोनसारख्या सुट्या भागांच्या दुकानांतून अशी बरीचशी अवजारं अनामत रक्कम ठेवून नेता येतात आणि परत केली की पैसे परत मिळतात. टॉर्क रेंचवर मात्र काटकसर करू नये. काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग सैलावते आणि रेंच खोटं सांगायला लागतो.

आता उतरवणं. आधी बॅटरीची तार काढावी. रेडिएटरचं पाणी काढलं म्हणजे ब्लॉकमधलं निघालं असं नाही. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खाली प्लग असतात, ते उघडावेत. ते राहिले तर हेड उचलताच उरलेलं पाणी सिलिंडरांत आणि तेलात उतरतं. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, त्यामुळे कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागेल असं उघडं ठेवू नये. रॉकर, त्याचा बॉल, पुशरॉड आणि टॅपेट एकमेकांशी घासून जुळलेले असतात. पुठ्ठ्याला सोळा भोकं पाडून, सिलिंडरचे आकडे घालून, पुशरॉड त्यात क्रमाने खोचून ठेवावेत. व्हॅक्यूमच्या नळ्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या रोटरची दिशा यांचे फोटो काढावेत.

बॅलन्सरच्या बाहेरच्या कड्याला जबड्याचा पुलर लावू नये. ते कडं आणि आतला तुंबा यांच्यामध्ये रबर असतं. कडं ओढलं की रबर सुटतं. मधल्या भोकांत बोल्ट घालून ओढणारा पुलरच वापरावा. परत बसवताना हातोडा नको, कारण तो घाव थेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. यांत्रिक पेट्रोल पंप असेल तर त्याचा दांडा कॅमवर टेकलेला असतो. तो वर सरकवल्याशिवाय कॅम हलत नाही. टॅपेट तळाशी जमलेल्या काळ्या थरामुळे वर यायला नकार देतात. पक्कड लावू नये. भेदक तेल सोडून, थोडं थांबून, वरखाली हलवत काढावेत. मग कॅमच्या तोंडाच्या आट्यांत तीन लांब बोल्ट घालून त्यांची मूठ करायची आणि कॅम सरळ रेषेत, हळूहळू फिरवत बाहेर घ्यायचा. ज्या पाच बेअरिंगांतून तो निघतो त्यांचा धातू मऊ आहे. लोबची धार लागली की ओरखडा उठतो, आणि कॅम बेअरिंग बदलायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं.

ओतीव लोखंडाचं हेड वीस किलोच्या वर जातं. ते एकट्याने फेंडरवरून वाकून उचलणं म्हणजे कंबरेचं नुकसान, शिवाय निसटलं तर सिलिंडरचा पृष्ठभाग जातो. दोघांनी उचलावं. हेड चिकटून बसलं असेल तर गॅस्केटच्या फटीत पेचकस घालू नये. इनटेकच्या तोंडात लाकडाचा दांडका घालून हलवावं.

हेड खाली आलं की सफाईची वेळ येते, आणि घरच्या कामात सर्वांत जास्त इंजिनं इथे बिघडतात असं माझं मत आहे. जुनं गॅस्केट खरवडायला वेळ लागतो म्हणून बरेच जण ड्रिलला घासणारी चकती लावतात. पृष्ठभाग दोन मिनिटांत चकचकीत होतो. पण त्या चकतीतून सुटणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक कच तेलात मिसळते आणि बेअरिंगं खाते. जनरल मोटर्सने आपल्या कारागिरांना याबद्दल लेखी इशारा दिलेला आहे. ब्लेड, प्लॅस्टिकची खरवडणी, गॅस्केट सोडवणारं रसायन आणि चिकाटी, एवढंच वापरावं. सिलिंडरांत आणि टॅपेटच्या दरीत स्वच्छ कापड कोंबून ठेवावं. बोल्टांच्या भोकांत आटे साफ करायचा चेसर फिरवावा. धातू कापणारा टॅप मारू नये, त्याने आटे सैल होतात. भोकांतला गाळ हवेने उडवावा, डोळ्यांना चष्मा लावून.

मग सरळपट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज सरकवावा. सहा इंचांच्या अंतरात तीन थाऊंची पाती आत गेली तर हेड वाकलेलं आहे आणि फेसिंगसाठी मशीन शॉपकडे गेलं पाहिजे. व्हॉल्व्हच्या सीट कापणं, गाइड बदलणं, तडे शोधणं हीदेखील त्यांचीच कामं. घरच्या कामाचा अभिमान असावा, पण ही कामं घरी होत नाहीत. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने तपासावा. तो विसरला जातो.

नवा कॅम बसवण्याआधी त्याचं वागणं समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा तळ प्रत्यक्षात किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला अगदी थोडा उतार दिलेला असतो. त्यामुळे लोबचा दाब टॅपेटच्या मध्यावर न पडता जरा कडेला पडतो आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. सराईत हाताने लाटण्याचा भार एका बाजूला दिला की पोळी आपोआप फिरते, तसंच. फिरत राहिला तर झीज सगळीकडे वाटली जाते. थांबला तर लोब काही मिनिटांत गोल होतो. म्हणूनच वापरलेले टॅपेट नव्या कॅमवर कधीही लावायचे नाहीत. त्यांचा फुगीरपणा गेलेला असतो. आणि जुनाच कॅम ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर परत गेला पाहिजे. 1987 पासून शेवरोलेने या इंजिनात रोलर टॅपेट द्यायला सुरुवात केली. त्यांना हा नियम इतका जाचत नाही, ते चांगले असतील तर पुन्हा वापरता येतात.

लोबना आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट भरपूर लावावी, बेअरिंगवर बसणाऱ्या गोलांना साधं तेल. कॅम आत गेला की टायमिंगचे ठिपके जुळवायचे: क्रँकच्या दात्यावरचा ठिपका वर, कॅमच्या चक्रावरचा खाली, समोरासमोर. या वेळी पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे त्याचा पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला असतो, पण त्याचा ठिणगीचा फेरा नसतो. ठिणगीची पाळी सहाव्याची असते. फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2 लिहून पाहा, एक आणि सहा बरोबर समोरासमोर येतात. ठिपके जुळलेले असताना पहिल्या सिलिंडरसाठी डिस्ट्रिब्युटर बसवला तर इंजिन चालू होत नाही, नुसतं कार्ब्युरेटरमधून फुरफुरतं. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा, मग पहिल्याची पाळी येते.

ठिपके जुळले म्हणजे कॅम बरोबर बसला असं समजू नये. चक्राची खाच, की, कॅमची पिन, प्रत्येकात थोडा फरक असू शकतो आणि ते फरक एकत्र येतात. यासाठी डिग्री व्हील. ते क्रँकच्या टोकाला लावायचं, तारेचा काटा करून ब्लॉकला अडकवायचा. पहिल्या सिलिंडरच्या तोंडावर पट्टी आडवी आवळून पिस्टनला अडथळा करायचा. क्रँक हाताने सावकाश फिरवत पिस्टन पट्टीला टेकवला. समजा चकती टीडीसीच्या एका बाजूला 24 अंश दाखवते. उलट फिरवून पुन्हा टेकवला. दुसऱ्या बाजूला 28. खरा टीडीसी या दोघांच्या मध्यावर आहे. काटा दोन अंशांनी सरकवून दोन्हीकडे 26 आलं की टीडीसी सापडला. पट्टी काढून डायल गेज पहिल्या इनटेकच्या टॅपेटवर उभा करायचा. सर्वोच्च उचलीच्या आधी पन्नास थाऊवर चकतीचा आकडा लिहायचा, शिखर ओलांडून पन्नास थाऊ खाली आलं की पुन्हा लिहायचा. दोहोंचा मध्य हा त्या लोबचा मध्य. तो कॅमसोबत आलेल्या कार्डाशी ताडून पाहावा. वाचन घेताना क्रँक एकाच दिशेने, समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवावा, नाहीतर चेनची ढिलाई मापात शिरते. या सगळ्याला एक दुपार लागते आणि ती द्यायला हवी.

उचल वाढवलेल्या कॅमसाठी आणखी एक परीक्षा आहे, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधल्या अंतराची. एका पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी असलेल्या खाचांत मुलांच्या खेळातली क्ले थापायची, वर तेलाचा हात फिरवायचा. जुनं गॅस्केट घालून हेड तात्पुरतं आवळायचं, त्या सिलिंडरला हायड्रॉलिकऐवजी भरीव टॅपेट लावायचे आणि दोन्ही रॉकर जुळवायचे. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही. हेड उचललं की क्लेमध्ये दोन चंद्रकोरी उठलेल्या दिसतात. जिथे ठसा सर्वांत खोल आहे तिथे ब्लेडने उभा छेद घेऊन उरलेली जाडी मोजावी. इनटेकखाली निदान ऐंशी थाऊ आणि एक्झॉस्टखाली शंभर थाऊ उरले पाहिजेत. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापून लांब होतो म्हणून त्याला जास्त. कमी भरलं तर कॅम बदला, नशिबावर हवाला ठेवू नका.

आता हेडचे बोल्ट. या इंजिनात बोल्टांची भोकं पाण्याच्या पोकळीत उघडतात. आट्यांना सीलंट लावलं नाही तर कूलंट आट्यांतून वर चढतं, आणि लोक नव्या गॅस्केटला दोष देतात. बोल्टच्या डोक्याखाली तेलाचा थेंब, हेड ॲल्युमिनियमचं असेल तर खाली कडक वॉशर. ठरलेला टॉर्क 65 फूट-पाउंड, म्हणजे 88 न्यूटन-मीटर. एवढा जोर लावतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला कामी येतो. बाकीचा आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो. म्हणून कोरड्या, गंजलेल्या बोल्टवर रेंच 65 दाखवतो तेव्हा हेड प्रत्यक्षात कितीतरी कमी आवळलेलं असतं. पाना तोच, आकडा तोच, दाब वेगळा. मध्यापासून सुरुवात करून बाहेर जात, 25, 45 आणि 65 अशा तीन फेऱ्यांत आवळावं. गॅस्केटची घडी अशीच कडेला पसरते. रेंच झटक्याने नाही, एकसंध ओढावा.

जनरल मोटर्सच्याच 1997 नंतरच्या एलएस व्ही-8 इंजिनांत आणि आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच गाड्यांत बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर अंशांत फिरवून ताणले जातात. असे बोल्ट एकदाच वापरायचे. ज्यांच्या हेडमध्येच कॅम आहे त्यांच्या कॅमच्या टोप्यांवर आकडे आणि बाण असतात. त्या अदलाबदल करू नयेत, त्या जागेवरच एकत्र बोअर केलेल्या असतात.

व्हॉल्व्ह जुळवायची पद्धत सोपी आहे. एक सिलिंडर घ्या. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याचा इनटेक जुळवा. इनटेक जवळजवळ मिटत आला की एक्झॉस्ट. पुशरॉड बोटांत धरून वरखाली हलवत नट आवळायचा, खेळ संपला की थांबायचं, मग अर्धा फेरा. पुशरॉड गोल फिरवून पाहू नका, तेलकट असला की तो खेळ नसतानाही फिरतो आणि फसवतो. इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्यामागच्या कडांना कॉर्कच्या पट्ट्या मिळतात, पण त्या घसरतात. त्यांच्या जागी सिलिकॉनची जाड ओळ घालावी.

डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी त्याच्या भोकातून प्रायमिंगचा दांडा घालून ड्रिलने तेलाचा पंप फिरवावा, ड्रिल सुलट दिशेने. पंपाला तेल भेटलं की ड्रिलला भार जाणवतो. मध्येमध्ये क्रँक फिरवत, सोळाही रॉकरांवर तेल येईपर्यंत चालू ठेवावं. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून ठेवावं, टायमिंग अंदाजे लावून ठेवावं, पाणी भरावं. इंजिन पहिल्या फिरवण्यातच चालू झालं पाहिजे; स्टार्टर मारत बसलं की लोबवरची पेस्ट पुसली जाते. गॅरेजचं दार पूर्ण उघडं असू द्या, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सपाट टॅपेटच्या कॅमसाठी पहिली वीस मिनिटं निर्णायक असतात. चालू होताच वेग 2000 ते 2500 फेऱ्यांवर न्यायचा आणि तिथेच थोडा वरखाली करत ठेवायचा. आयडलिंगला सोडायचं नाही, कारण लोबना तेल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि कमी वेगात शिंतोडे पोचत नाहीत. जोडस्प्रिंगा असतील तर आतल्या स्प्रिंगा तेवढ्यापुरत्या काढून ठेवाव्यात. तेलही जस्त-फॉस्फरसवाल्या झेडडीडीपीचं प्रमाण जास्त असलेलं घ्यावं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या पेट्रोल गाड्यांच्या तेलांत ते कमी केलेलं असतं. गळती किंवा तेलाचा दाब पडलेला दिसला तर इंजिन सरळ बंद करा, कारण दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं पुन्हा त्याच वेगात भरा.

वीस मिनिटं झाली की तेल गरम असतानाच काढा, फिल्टरही बदला. काढलेला फिल्टर फेकू नका. त्याचा पत्रा कापा, आतला घडीचा कागद उलगडून उजेडात धरा. काळपट पेस्ट आणि थोडीशी राखाडी झाक दिसणारच. पण चमकणारे कण बोटाला टोचले, किंवा चुंबकाला चिकटले, तर इंजिन पुन्हा चालू करू नका. व्हॉल्व्ह कव्हर काढा, डायल गेज लावा आणि सोळाही उचली परत मोजा.